नारळ शाबूत

नारळ शाबूत पोचला, असे चंद्रमौलीने लिहिले होते, आणि त्या वाक्यापाशी त्रिविक्रमराव अडले. ओट्यावर खांबाला पाठ टेकून, चष्मा नाकावर खाली ओढून ते पत्र वाचत होते. पत्र तमिळमध्ये होते, शाळामास्तराच्या गोल, नीटस अक्षरात. आधी नमस्कार, मग ईरोडला उन्हाळा कसा तापला आहे ते, मग पेटी सहाव्या दिवशी हाती आल्याचे. त्यापुढे हे: 'वीणेबरोबर खणात बांधून आपण जे तांदूळ, हळकुंड आणि नारळ पाठवलेत, ते पाहून माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. विकलेल्या वस्तूबरोबर एवढे कोण देते? नारळ शाबूत पोचला. तो आम्ही देवापुढे ठेवला आहे.' आणि मग नव्या ओळीवर, अवघडत अवघडत: 'वीणा मात्र फुटली आहे. भोपळ्याचे तुकडे झाले. मोठ्या पोकळ घटाला वरच्या फळीपासून तळापर्यंत चीर गेली आहे. गाडीत चढल्यावर जोखीम घेणाऱ्याची, असे आपण आधीच कळवले होते आणि मी ते मान्य केले होते, तेव्हा माझी काही तक्रार नाही. तंजावरला वीणा दुरुस्त करणारा चांगला सुतार आपल्या माहितीचा असल्यास मात्र कळवावे. भवानी दोन दिवस नीट जेवली नाही. पण पोर लहान आहे, विसरेल.' त्रिविक्रमरावांनी पत्र मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले आणि तेच वाक्य पुन्हा वाचले. त्यांनी पेटीत नारळ ठेवलाच नव्हता.

आता एखादा दुसरा माणूस असता तर त्याने वीणेपाशी थांबून हळहळ केली असती. पण एकतीस वर्षे कुंभकोणमच्या स्टेशनात पार्सलबाबू म्हणून काढलेल्या माणसाचे मन आधी पेटीत शिरते. पितळेच्या समया, विड्याच्या पानांच्या करंड्या, रेशमी लुगड्यांचे गठ्ठे, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर एक जिवंत मोर, असे सगळे त्यांच्या टेबलासमोरून गेले होते. समोर येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत: आत काय आहे? लोक खोटे बोलत. मग त्रिविक्रमराव पेटी दोन्ही हातांनी किंचित कलती करून कान लावत, आणि आत जे हलायला नको ते हलत असले तर पेटी परत करत. नुसता पेंढा भरला म्हणजे पेटी भरली असे होत नाही, आत कुठलीही दोन कठीण अंगे एकमेकांना भेटता कामा नयेत, हे ते नव्या कारकुनांना इतक्या वेळा सांगत की त्यांच्या पाठीमागे त्याची नक्कल होत असे आणि त्यांनाही ते ठाऊक होते. माल पाठवायचे दर दोन: रेल्वेच्या जोखमीचा जास्त, मालकाच्या जोखमीचा कमी. वीणेची पेटी त्यांनी मालकाच्या जोखमीवर पाठवली होती, आणि त्यात कंजूषपणा नव्हता, ऐट होती. त्रिविक्रमरावांनी भरलेल्या पेटीला रेल्वेची हमी कशाला हवी?

गाडीत चढल्यावर जोखीम तुमची, असे पत्र ते चंद्रमौलीला लिहीत होते तेव्हा गोमतीबाई, त्यांची बायको, शेजारी बसून वाती वळत होती. वाती वळणे म्हणजे वळण्याचा प्रयत्न, कारण तिच्या बोटांचे सांधे गेली चार वर्षे धरले होते. तिने विचारले होते, "गाडींत असतां ती कोणाची म्हणायची? आपली कीं त्यांची?" त्यांची, असे त्यांनी सांगितले. "आणि स्टेशनाला नेतां?" पावती हातात पडेपर्यंत आपली. "म्हणजे दार ओलांडतां आपलीच कीं," ती म्हणाली आणि वातीकडे वळली. त्या वेळी त्यांना वाटले, बायकोला जरा उशिरा का होईना पार्सलाच्या कायद्यात गोडी लागली. त्यांना थोडे हसूही आले होते. आता ओट्यावर बसून त्यांना कळले की तिने कायदा विचारलाच नव्हता. वीणा अजून आपली आहे तोवर काय काय करता येईल, ते ती विचारून घेत होती.

ती वीणा तिच्याबरोबर आली होती, तिरुविडैमरुदूरहून, लग्नानंतर पहिल्या खेपेला. एकाच फणसाच्या खोडातून कोरलेली, टोकाला याळीचे, देवळातल्या सिंहासारख्या पशूचे, तोंड असलेली, तिच्या आजोबांच्या हातची. त्रिविक्रमराव तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते आणि नियम अंगात भिनले होते. एवढे मोठे वाद्य डब्यात घ्यायचे नाही, सामानाच्या ब्रेकमध्ये बुक करायचे, असे ते तिच्या वडिलांसमोर ऐटीत म्हणाले. सोळा वर्षांची गोमती खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "लेकरूं काय ब्रेकमध्यें टाकतेत?" आणि सगळा रस्ता ती वीणा मांडीवर घेऊन बसली. रस्ता तो केवढा, पण तेवढ्यात त्रिविक्रमरावांनी तीनदा खिडकीबाहेर पाहिले आणि तीनदा तिच्या बोटांकडे. पुढे वर्षे गेली. घरात पाळणा हलला नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, नागाच्या मूर्ती पिंपळाखाली बसवून झाल्या, आणि मग दोघांनीही तो विषय काढायचे सोडून दिले. गल्लीतल्या मुली शिकायला येत. एकेकीचे लग्न ठरले की गोमती तिची ओटी भरी: नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, खण. दुसऱ्यांच्या लेकींच्या ओट्या भरण्यात तिचा हात इतका सराईत झाला होता की तिला त्यात दुःख होत असेल, हे त्रिविक्रमरावांच्या कधी ध्यानातच आले नाही. हा त्यांचा दोष होता. ते वाईट नव्हते, पण विचारणारे नव्हते. विचारायचे सगळे ते स्टेशनात विचारून येत.

गेल्या वर्षी, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमच्या स्नानाला गाव माणसांनी फुटले. चंद्रमौली आपल्या आईला आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्या ओट्यावर तीन रात्री उतरला होता. भवानी आत आली, कोपऱ्यातली वीणा पाहिली आणि कुणी सांगायच्या आत एक तार छेडून हात मागे घेतला. गोमतीने तिला जवळ बसवले. बोटे वळत नव्हती म्हणून तिने मुलीचे बोट धरून पडद्यावर ठेवले आणि तोंडाने सूर सांगितला. वर्षभराने चंद्रमौलीचे पत्र आले की मुलगी अजून त्या वीणेचेच बोलते, देणार असाल तर योग्य ते मोल घ्यावे. त्रिविक्रमरावांना वाटले ही नाही म्हणेल. ती पटकन हो म्हणाली, आणि मग चार दिवस ईरोडच्या माणसांची चौकशी करत राहिली. घर कसे आहे, आजी तापट नाही ना, पोरीला गाण्याचे शिक्षण कोण देणार, पाऊस गळतो का. स्थळाची एवढी चौकशी तिच्या स्वतःच्या लग्नात कुणी केली नव्हती. आलेले दीडशे रुपये पोस्टाच्या पुस्तकात तसेच पडून होते. तिने त्यांना हात लावू दिला नव्हता.

त्रिविक्रमराव उठले, पत्र सदऱ्याच्या खिशात घातले आणि आत न सांगता स्टेशनाकडे चालू लागले. दुपारचे चार वाजले होते. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. त्यांच्या मनात एक हिशेबी राग तयार झाला होता आणि त्याला धरून चालणे बरे वाटत होते. तिरुचीला गाडी बदलते. मीटरगेजची पेटी उचलून ब्रॉडगेजवर चढवायची, तिथे हमाल दमलेले असतात. एकाने आपटली असेल. नारळ शाबूत राहिला तो दैवाने. कुणीतरी आपटल्याशिवाय घटाला तळापर्यंत चीर जाते होय? वाटेत कॉफीच्या दुकानातून भाजत्या बियांचा वास आला, एक ओळखीचा माणूस "काय राव" म्हणाला. त्यांनी नुसता हात वर केला.

पार्सल ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर आता वेंकटरमण होता. त्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्यांच्यासारखाच मराठी घरातला. तो उठून उभा राहिला. त्रिविक्रमरावांनी पत्रातले वीणेपुरते सांगितले. नारळाचे गाळले. गाळले हे त्यांना स्वतःला कळले.

वेंकटरमणने पावतीची दुसरी प्रत काढून पुढे सरकवली. "मामा, मालकाच्या जोखमीवर म्हणून तुम्हींच लिवलेंत. अर्ज द्या पाहिजे तर, पाठवूं वर. पण त्यांनीं विचारणार तें तुम्हांला ठाऊक."

"काय विचारतेत?"

वेंकटरमण जरा हसला, कारण प्रश्न त्याला या माणसानेच शिकवला होता. "पेटींत आणखी काय होतं म्हणून."

टेबल फलाटाकडच्या दारालाच लागून होते; त्रिविक्रमराव त्यावर हात टेकून उभे राहिले. फलाटावर मायावरमकडची गाडी येऊन उभी राहिली, माणसे उतरली, एका बाईच्या डोक्यावरची केळीच्या पानांची जुडी त्यांच्या खांद्याला घासून गेली. त्यांचा उजवा हात टेबलावर उपडा पडला होता. त्यांनी तो उचलला आणि तळव्याकडे पाहिले. मग वेंकटरमणला "येतों" म्हणून ते बाहेर पडले.

तळव्याला ते आठवत होते. जे डोक्याने दोन आठवडे बाजूला ठेवले होते, ते हाताने ठेवले नव्हते. त्या दिवशी सकाळी पेटी तयार होती. वीणा जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, घटाभोवती पेंढा, दांडीखाली पेंढा, भोपळ्याला वेगळी गादी. फक्त झाकणाची शेवटची फळी मारायची राहिली होती. आधी स्नान उरकू म्हणून ते कावेरीवर गेले. परत आले तेव्हा गोमती पेटीपासून चार पावलांवर, माजघराच्या दारात उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, डोळे लाल, आणि ओठ असे मिटलेले की आता एक शब्द बोलली तर सगळेच बाहेर येईल. घटाजवळचा पेंढा थोडा वर आला होता. त्यांनी तो हाताने दाबला. आणि तळव्याला काहीतरी कठीण, गोल लागले. वीणेत त्या जागी गोल असे काही नाही, हे त्यांना माहीत होते. एक क्षण हात तिथेच थांबला. एवढेच करायचे होते की पेंढा बाजूला करून पाहायचे, किंवा मान वळवून विचारायचे, आत काय आहे? हजारो अनोळखी माणसांना विचारलेला प्रश्न. पण दारात ती उभी होती, आणि आपण विचारले तर ती रडेल, आणि ती रडली तर आपण काय करायचे ते आपल्याला येत नाही, या भीतीने त्यांनी फळी ठेवली आणि खिळे मारले. सहा खिळे. प्रत्येक खिळ्यागणिक हायसे वाटत गेले होते.

म्हणजे सहा दिवस तो नारळ आत त्या पोकळ लाकडाला धडका देत राहिला. कुणी आपटायची गरजच नव्हती. गाडी नुसती चालली तरी पुरे होते.

महामहमच्या तळ्याच्या पायऱ्यांवर ते बसले. पाणी खाली गेले होते, कडेला शेवाळ वाळले होते. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि तिची कीव येत होती. आता दोन गोष्टी करता येत होत्या. गप्प बसायचे. चंद्रमौली भला माणूस, त्याने जोखीम स्वतःवर घेतलीच आहे, कागदही तसाच आहे. तंजावरच्या सुताराचा पत्ता कळवायचा आणि हळहळ व्यक्त करायची. मग गोमतीला काहीच कळणार नाही. ईरोडला तिची लेक सुखात आहे असे समजून ती राहील. त्या बदल्यात एक अकरा वर्षांची मुलगी फुटक्या वीणेपाशी बसेल आणि तिचा बाप समजेल की दैव वाईट. किंवा खरे लिहायचे, की पेटी भरण्यात दोष होता, नुकसान माझे. पण वीणा परत येणार, दारातून आत येणार, आणि गोमती विचारणार की काय झाले. तिने आयुष्यात एकदाच स्वतःच्या लेकीची ओटी भरली. त्या ओटीनेच ती फुटली, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचे? तळ्यात एक म्हातारा स्नान करून वर आला आणि त्यांच्याकडे पाहून उगाच मान हलवून गेला. त्रिविक्रमरावांनी ठरवले की पेंढा कमी पडला असे सांगायचे. दोष माझा. तो खोटाही नव्हता.

घरी आले तेव्हा ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. बोटाने खडा उचलता येत नव्हता म्हणून ती सुपाच्या कडेपर्यंत लोटून खाली पाडत होती. वर न पाहता तिने विचारले, "ईरोडचं कागद आलं कीं. टपालवाल्यानं सांगटलं."

"आलं."

"पोंचली?"

"पेटी पोंचली."

तिने सूप खाली ठेवले. तिच्या चेहऱ्यावर एक चोरटे हसू आले, लहान मुलीचे. "नारळ मिळाला म्हणून लिवलेत काय? तुम्हांला सांगटलं नाहीं मीं. रागावाल म्हणून."

"मिळाला. देवापुढें ठेवलेत."

"फुटला नाहीं?"

"नाहीं. शाबूत आहे."

तिने दोन्ही हात छातीशी नेले आणि डोळे मिटले. मग एका दमात बोलत सुटली. "मग भिण्याचं काय नाहीं. त्याच्याकरतांच ठेवला होता मीं. ओटी तर ओटीच. पण मनांत म्हटलं, वाटेंत जें काय यायचं असेल तें नारळावर येऊं दे, तिच्यावर नक्को. इतके दिवस झोंप नाहीं मला. नारळच शाबूत म्हणजे तिला ओरखडासुद्धां गेला नसेल. आंत होतं तें अस्कं देवानं सांभाळलं."

त्रिविक्रमराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. हे त्यांनी तळ्यावर हिशेबात धरले नव्हते. तिने त्या नारळाला जोखीम दिली होती. पावती नाही, सही नाही, पण दिली होती, आणि तो आता ईरोडच्या देवघरात धडधाकट बसला होता. इथे नुसते गप्प राहिले तरी चालले असते. तिचा चेहरा इतका मोकळा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो तसाच राहावा असे त्यांना पोटातून वाटले. खिशातले पत्र छातीला लागत होते. भवानी दोन दिवस नीट जेवली नाही.

"अगे," ते म्हणाले, "वीणा फुटली."

तिचे हात छातीशी तसेच राहिले.

"माझी चूक. पेंढा कमी पडला."

पडवीबाहेर आडावर शेजारची घागर आपटली, पाणी सांडले, कुणी कुणाला तमिळमध्ये रागावले. गोमती रडली नाही. ती आपल्या हातांकडे बघत राहिली, आधी एका, मग दुसऱ्या.

"पेंढा कमी नव्हता," ती हळू म्हणाली. "नारळाला जागा पाहिजे म्हणून मींच दोन मुठी बाहेर काढला. चुलींत घातला."

तिला सगळे कळले होते. आता खोटे बोलून उपयोग नव्हता, आणि त्यांना तशी इच्छाही राहिली नव्हती. "मला लागला होता हाताला," ते म्हणाले. "खिळे मारायच्या आधीं. गोल, कठीण. विचारलं नाहीं मीं."

"कां?"

"तूं दारांत उभी होतीस. रडशील म्हणून भ्यालों."

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिले. "एवढी वर्षं गांवाला अस्क्यांना, येणाऱ्याजाणाऱ्यांना, विचारलेंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच त्यांना ते फार लागले. त्यांनी हात पुढे करून तिची आखडलेली बोटे आपल्या तळव्यात घेतली. दिवसाउजेडी, पडवीत, शेजारच्यांना दिसेल असे त्यांनी हे कधी केले नव्हते.

थोड्या वेळाने तिने हात सोडवून पदराने नाक पुसले. "पावती मिळेपर्यंत आपली म्हणून तुम्हींच सांगटलं. फुटायचं तें घरांतच बांधून दिलं आपण. त्या माणसानं कां सोसायचं? आणवा तिला."

त्यांनी माजघरातून दौत, टाक आणि कागद आणला. आधी चंद्रमौलीचे पत्र तिला वाचून दाखवले, भवानीच्या जेवणासकट. मग लिहू लागले: पेटी भरण्यात दोष आमचा होता, रेल्वेचा नाही, आपला तर नाहीच. रक्कम उद्या मनीऑर्डरने परत करत आहे. वीणा त्याच पेटीत, भरपूर पेंढा घालून, इकडे पाठवावी, मालकाच्या जोखमीवर. तिथे टाक थांबला. हे शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर लिहिले होते. त्यांनी खाली मालक म्हणून आपले नाव घातले, आणि थोडा विचार करून शेजारी गोमतीबाईंचेही.

"नारळाचं काय लिहूं?"

"त्याचं काय लिवायचं? दिलेली ओटी परत घेतेत काय कोणी? फोडून खोबरं त्या पोरीला द्या म्हणावं. गूळ घालून." ती उठता उठता थांबली. "आणि लिवा, सुतारानं चीर सांधली तर तिकडेच पाठवूं म्हणून. पण ब्रेकमध्यें नक्को. मी नेईन. मांडीवर घेऊन."

"ईरोड लांब आहे. रात्रभर बसायचं."

"तुम्हीं आहांत कीं. मध्यें तुम्हीं धरा."

ते तसे लिहीत असताना ती माजघराच्या कोपऱ्याशी गेली. वीणा गेल्यावर त्या रिकाम्या जागी तिने तांदळाचे दोन डबे आणून ठेवले होते, जागा बोचू नये म्हणून. आता ती एक डबा दोन्ही हातांनी ओढू लागली. बोटे धरत नव्हती, डबा जरासा हलून परत जागेवर बसत होता. त्रिविक्रमरावांनी टाक पुसून ठेवला आणि दुसऱ्या बाजूने धरायला ते उठले.